जेवायचा हात

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिलंय त्यात बरीचशी भीतीच आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा गृहस्थ उगाच तिखटमीठ लावतोय. टायफॉईड लोकांना होतो, बरा होतो. मलाही झाला आणि बराही झाला. पण टायफॉईडच्या औषधासाठी हाताला जी सुई लावली होती, तिनं मला तापाहून जास्त छळलं. सलाईनच्या जागी शीर सुजते आणि प्रकरण इतकं वाढू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. माझी बायको वैशाली म्हणते, लिहा, पण स्वतःला शूर दाखवू नका. तो धोका नाही.

माझं काम डायमेकिंगचं. डहाणूच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या गावांत हे काम घरोघर चालतं, बाहेरच्यांना मात्र समजावून सांगावं लागतं. लोखंडाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. मग त्यात सोन्याचा पत्रा ठेवून दाबला की फूल, पान, मोर, जे असेल ते उठून येतं. डोळ्याला भिंग लावून, बारीक टोकाच्या छिन्नीनं रेघ रेघ काढत बसायचं. रेघ चुकली तर पुसता येत नाही. आता मशीनवर कॉम्प्युटरनं डाय निघतात, तरी फार नाजूक काम अजून आमच्याकडे येतं.

आणि मी डावखुरा आहे, पण अर्धाच. डाव्या हातानं घास उचलला की आईची चापट मनगटावर बसायची, त्यामुळे जेवायचा हात लहानपणीच बदलला. लिहायचा हात शाळेत मास्तरांनी बदलला. डाय शिकायला बसलो तेव्हा शिकवणाऱ्या काकांना रेघ सरळ येण्याशी मतलब होता, ती कुठल्या हातातून येते याच्याशी नव्हता. म्हणून तेवढं एक काम डाव्या हाताकडे राहिलं, आणि आमचं घर त्यावरच चालतं.

सुई

२०१७ साली, गणपतीच्या आधी, आम्ही तलासरीला वैशालीच्या माहेरी गेलो होतो. अंग आधीपासूनच कणकणत होतं. तिथे पोचल्यावर जो ताप चढला तो उतरायचं नावच घेईना. वैशालीचा धाकटा भाऊ महेश मला हायवेजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात घेऊन गेला. रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. डॉक्टर म्हणाले, उलट्या होताहेत, गोळ्या पोटात ठरणार नाहीत, इंजेक्शनं शिरेतून द्यावी लागतील, भरती व्हा.

वैशाली आणि महेश केसपेपर करायला खाली गेले. मी खाटेवर एकटा. ट्रे घेऊन सिस्टर आली. पंचविशीतली असेल, बोलायला गोड.

"काका, जेवता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"मग डाव्याला लावते हं. जेवायला हात मोकळा राहील तुमचा."

तिचं काही चुकलं नाही. ती प्रत्येकाला हेच विचारत असणार, आणि शंभरातल्या बहुतेकांचं उत्तर बरोबरच येत असणार. मीही खोटं बोललो नव्हतो. तापात डोकं इतकं जड झालं होतं की तिनं मनगटाच्या वर रबर आवळलं, टपटप मारून शीर शोधली, सुई आत गेली, चिकटपट्ट्या बसल्या, आणि मग कुठे माझ्या लक्षात आलं की हा तो हात आहे. तोवर सलाईन सुरू झालं होतं. झालेलं काम आता काय काढायला लावायचं, असं वाटून मी डोळे मिटले.

त्या वेळी मला वाटत होतं की आत लोखंडी सुई तशीच ठेवलीय. सगळे सुईच म्हणतात ना. सुई लावली, सुई काढली, सुई बघून झोपा. नंतर कळलं की सुई तेव्हाच बाहेर काढतात, आत राहते ती मऊ बारीक नळी. पण मला ते माहीत नव्हतं. हात हलवला तर आतून टोचून शीर फाटेल या भीतीनं मी तो हात उशीवर ठेवला तो ठेवलाच. कूस बदलली नाही. बोटंही हलवत नव्हतो.

शहाणा पेशंट

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, तलासरीजवळच्याच कुठल्या तरी पाड्यावरचा. त्याची बायको खाली चटई टाकून बसलेली असायची. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं आपली सुई आपणच उपटून काढली आणि रक्त चादरीला पुसत निवांत बसला. सिस्टर धावत आली.

"बाबा, कशाला काढली?"

"दुखत होती."

"अहो, सांगायचं ना मला! अशी ओढून काढतात का?"

"हात माझा हाय," म्हातारा म्हणाला. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

सिस्टरनं त्याच्या दुसऱ्या हाताला नवीन सुई लावली. लावता लावता माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे काका बघा, कसे गुपचूप पडून असतात." मला बरं वाटलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला शाळेतल्यासारखी शाबासकी मिळाली की तो काय काय सहन करेल, सांगता येत नाही.

कारण तोवर माझा हात दुखायला लागला होता. आधी इंजेक्शन देतानाच दुखायचं. औषध आत शिरलं की मनगटापासून कोपराकडे कुणी मिरची चोळत नेल्यासारखी आग व्हायची. मग ती आग इंजेक्शननंतरही राहायला लागली. पट्टीच्या वरच्या बाजूला कातडी लाल झाली, हात लावला तर गरम लागायची. सिस्टरनं विचारलं होतं, "दुखतंय का, काका?"

"थोडं."

"औषध जरा जळजळतं. फार वाटलं तर सांगा."

मी सांगितलं नाही. खरं कारण सांगतो. सुई काढली तर परत टोचणार. म्हाताऱ्याला दुसरी शीर शोधताना तिनं दोनतीनदा खुपसलं होतं ते मी बघितलं होतं. त्यापेक्षा आहे ते बरं. मी हातावर चादर ओढून घेतली, म्हणजे मलाही दिसायला नको. कुणी विचारलं तर "थोडं" एवढंच म्हणायचं. ताप उतरत चालला होता, डॉक्टर खूश होते. माझ्यासारखा सोपा पेशंट त्यांना मिळाला नसेल.

आ नस तो गई

वैशाली दुपारी भाताची पेज घेऊन आली आणि तिनं चादर नीट करायला म्हणून उचलली.

"अहो, हे काय?"

मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. मनगटापासून वर, हाताच्या आतल्या बाजूनं, बोटभर रुंदीचा लाल पट्टा कोपरापर्यंत गेला होता. मधे दोरी ताणल्यासारखी कडक शीर. हात सुजून तुकतुकीत झाला होता. वैशालीनं सिस्टरला हाक मारली ती अशी की वॉर्डातले सगळे उठून बसले.

दोन सिस्टर आल्या. एक ती आपली गोड बोलणारी, दुसरी उंबरगावकडची, वयानं मोठी. मोठीनं पट्टी सोडवली, नळी बाहेर ओढली, शिरेवर बोट फिरवून बघितलं आणि दुसरीला म्हणाली, "आ नस तो गई. बीजी जोवी पडशे."

गुजराती मला कळतं. आमचे बरेचसे व्यापारी गुजरातीच. ही नस तर गेली, दुसरी बघावी लागेल. ती शांतपणे बोलली, तिच्या रोजच्या कामातलं वाक्य होतं ते.

आमच्याकडे रक्ताची असते ती शीर. नस म्हणजे ती, जी दबली की पाय बधिर होतो, हात लुळा पडतो. आमच्याच गल्लीत दत्ताराम होता, माझ्याहून चांगला कारागीर. मानेत नस दबली आणि त्याच्या बोटांतून चहाचा कप निसटायला लागला. औषधं झाली, मालिश झालं, शेवटी ऑपरेशनही झालं. आता तो चिकूच्या वखारीत पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. त्याचं झालं तेव्हा सगळे हेच म्हणाले होते, दत्तारामची नस गेली.

आता माझी गेली.

सिस्टरनं उजव्या हाताला नवीन सुई लावली ते मला दुखलंसुद्धा नाही. ती गेल्यावर मी डाव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावून बघायला लागलो. करंगळीपर्यंत जाताना सूज आड यायची, बोट पुरतं वाकायचं नाही. झालं, मी ठरवून टाकलं. परत बघायचो, परत अडायचं. दिवसभर माझा हाच उद्योग.

विचारायला काय झालं होतं? "सिस्टर, नस गेली म्हणजे काय?" एवढं विचारलं असतं तर तिनं हसून सांगितलं असतं की काका, ही शीर आता सलाईनला चालणार नाही, बस. पण विचारलं आणि तिनं खरंच "हो, हात गेला" म्हटलं तर? उत्तर येईपर्यंतच्या त्या एका क्षणात आपलं काय होईल, याचीच मला भीती वाटली. म्हणून मी तोंड गच्च मिटून बसलो. वैशाली विचारत होती, "फार दुखतंय का?" आणि मी म्हणत होतो, "थोडं."

वापीचा रस्ता

उतरलेला ताप परत चढला. या वेळी हुडहुडी भरून, दात वाजत. सुई होती त्या जागी पिवळट थेंब दिसला. डॉक्टर आले, त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. एरवी ते गप्पा मारायचे. त्या दिवशी फक्त म्हणाले, "हा ताप टायफॉईडचा वाटत नाही. शिरेत इन्फेक्शन झालंय. माझ्याकडे ठेवून घेण्यात अर्थ नाही, वापीला न्या. आजच."

"आजच" हा शब्द ऐकून वैशाली खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिली.

महेशनं मित्राची गाडी आणली. मी मागच्या सीटवर, डावा हात उशीवर, उशी वैशालीच्या मांडीवर. महेश काळजीनं पोखरला होता, आणि काळजी वाटली की तो मोबाईल बघतो. गाडी सुरू करायच्या आधी मागे वळून म्हणाला, "भावोजी, हात अजिबात हलवू नका. मी वाचलं, शिरेत रक्ताची गाठ होते. ती सुटली तर डायरेक्ट फुप्फुसात जाते."

"महेश," वैशाली म्हणाली, "तू गाडी चालव."

आच्छाडच्या नाक्यापाशी ट्रकांची रांग, पुढे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, सुटली. मग श्वास रोखून वाट बघायचो, छातीत काय होतंय. काही झालं नाही की हळूच श्वास सोडायचो, तोवर पुढचा खड्डा. भिलाडपर्यंत मी असाच मरत आलो. वैशालीनं माझ्या कपाळावर हात ठेवला होता आणि तो हात थंडगार होता. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, कारण ती रडत असली तर मग खरंच काहीतरी आहे असा त्याचा अर्थ झाला असता.

रेघ

वापीचे सर्जन वयस्क होते. माझ्याशी हिंदीत बोलले, सिस्टरशी गुजरातीत. त्यांनी शीर दाबत दाबत वरपर्यंत बघितली. मी ओरडलो.

"नस में सूजन है, और इन्फेक्शन भी है. दवाई बदल देते हैं. पस जमा हुआ तो छोटा सा चीरा देना पड़ेगा."

परत नस. आणि वर चिरा. त्या हातावर. मी छताकडे बघत राहिलो.

वैशालीनं मात्र सरळ विचारलं, "डॉक्टर, यांचा हात चालेल ना? हे डाय कोरतात. डाव्या हाताने."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लेफ्ट हँडेड हो? तो लेफ्ट में क्यों लगाने दिया?"

खोलीत तेव्हा वैशाली, महेश, सिस्टर, सगळे माझ्याकडे बघत होते.

"कुणी विचारलं नाही तुम्हाला?" वैशाली म्हणाली.

"विचारलं."

"मग?"

"जेवता कुठल्या हाताने, असं विचारलं."

वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली, पदर तोंडात कोंबून. "जेवायचा हात!" एवढंच म्हणत होती. महेश खिडकीतून बाहेर बघायला लागला. मला तिचा राग आला. आपण मरायला टेकलोय आणि ही हसते. आता कळतं की तलासरीपासून कोंडलेलं ते कुठून तरी बाहेर पडणारच होतं.

डॉक्टरांनी माझी बोटं हलवायला लावली, मूठ आवळायला लावली, डोळे मिटायला सांगून कुठल्या बोटाला हात लावला ते विचारलं. मग म्हणाले, "ये खून की नस है. उंगली चलाने वाली नस अलग होती है. वो ठीक है."

आता याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण त्यांच्याकडे दोन्ही नसच. ही नस आणि ती नस. माझ्या घाबरलेल्या डोक्यात ते शिरलंच नाही. मला वाटलं, धीर देताहेत.

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या हातावर लाली जिथे संपत होती तिथे कडेकडेनं रेघ मारली. लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. बाहेर गेली तर चिरा द्यायचा.

ती रेघ म्हणजे माझा काळ झाला. रेघेच्या बाहेर काय गेलं आणि आत काय राहिलं हे बघण्यात माझा जन्म गेलेला. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही ते मला दिसायचं. सकाळी डॉक्टर यायच्या आधीच मी खिडकीकडे हात करून तपासायचो. पहिल्या सकाळी कोपराच्या बाजूला लाली रेघेच्या पलीकडे गेली होती. किंचित, पण गेली होती. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वैसा ही है." मी म्हटलं, "नहीं, बाहर है." त्यांनी वाकून परत पाहिलं आणि सिस्टरला इंजेक्शनची वेळ बदलायला सांगितली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एरवी तरी कुठे मी जेवत होतो. उजव्या हाताला सुई, डाव्यावर ग्लिसरीन आणि पांढऱ्या पुडीची ओली पट्टी. सासूबाई तलासरीहून रोज डबा घेऊन यायच्या आणि चमच्यानं भरवायच्या. जावयाला भरवायचं म्हणजे त्यांना संकोच, आणि मला तर त्याहून. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तो कार्यक्रम उरकायचो. एकदा त्यांनी चमचा बाजूला ठेवला, मऊ भाताला वरण कालवून हातानं घास केला आणि म्हणाल्या, "चमच्याने पोट भरत नाही, खा." त्या आजारात मला नीट गिळता आलेला तो पहिला घास.

पुढच्या सकाळी लाली रेघेवर थांबली होती. त्याच्या पुढच्या सकाळी रेघेच्या आत आली. मी कुणाला बोललो नाही, न जाणो, नजर लागायची. डॉक्टरच म्हणाले, "चीरा कैंसल." महेशनं माझ्या पायाला हात लावला. का लावला ते त्यालाही माहीत नसावं.

तेल

डिस्चार्ज मिळाल्यावर थोडे दिवस आम्ही तलासरीलाच राहिलो. शीर कातडीखाली सुतळीसारखी कडक राहिली होती. सासूबाईंनी खोबरेल कोमट केलं आणि वाटी घेऊन माझ्याजवळ बसल्या. मला तर हवंच होतं. कुणीतरी चोळून ती सुतळी विरघळवावी असं मला सारखं वाटायचं.

"आई, नाही," वैशाली म्हणाली. "चोळायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"हळू लावते गं."

"हळू नाही, जोरात नाही. हातच लावायचा नाही."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "मी काय वैरीण आहे त्यांची?"

वैशाली वाटी उचलून आत घेऊन गेली. मायलेकी दोन दिवस एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या, आणि त्याला कारण माझा हात. मी मधे पडून काही बोलावं एवढं बळ माझ्यात नव्हतं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना हे सांगावंसं वाटतं, की भांडणं होतात आणि ती प्रेमापोटीच होतात, पण होताना ती भांडणंच असतात.

आणि ज्यांच्या हाताला आत्ता सलाईन आहे त्यांना एकच सांगतो. आग होत असेल, लाल होत असेल, तर "थोडं" म्हणू नका. दुखतंय म्हणा, वेळेवर म्हणा, परत टोचतील त्याला घाबरू नका. कुठल्या हातानं काम करता ते विचारायच्या आधीच सांगा. आणि एखादा शब्द कानावर पडून काळजात रुतला असेल तर तो ज्यानं उच्चारला त्यालाच विचारा. मला जमलं नाही, तुम्हाला जमेल.

घरी

घरी आलो. ताप गेला, भूक लागायला लागली, सूज उतरली. अंगठा करंगळीला लागायला लागला. आणि मी कामाला बसलो नाही.

खिडकीपाशी माझी बैठक तशीच होती. ठोकळा, छिन्न्या, भिंग. दिवाळीसाठी एका व्यापाऱ्याची पानाची डाय अर्धी कोरून राहिली होती. त्याचे फोन यायचे. वैशाली सांगायची, "अजून बरं नाही वाटत त्यांना." शेजारचा एक कारागीर म्हणाला, मी पुरी करून देतो. मी नको म्हटलं. मीही करेना, दुसऱ्यालाही करू देईना. हात उशीवर ठेवून टीव्ही बघायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, डॉक्टरांनी आराम सांगितलाय.

एका दुपारी वैशालीनं टीव्ही बंद केला.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आराम करा."

"आणि?"

मी रिमोट चाचपला.

"आराम करा, आणि हात चालू ठेवा, म्हणाले होते. मी तिथेच उभी होते."

"दुखतं अजून."

"किती? थोडं?"

हे तिनं असं काही म्हटलं की मी उशीवरचा हात खाली घेतला. माझ्या तोंडून निघालं, "मला भीती वाटते." इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदा म्हटलं. "बसलो आणि रेघ आली नाही तर? न बसता निदान ठाऊक तरी नाही."

मला वाटलं, ती समजूत घालेल, नाहीतर चिडेल. ती माझ्यासमोर खाली बसली. "मला नाही वाटत का?" ती म्हणाली. "सकाळी तुम्ही चहा घेता तेव्हा मी डाव्या हाताकडेच बघत असते. बोटं कशी आहेत, रंग कसा आहे. रस्त्यात दत्तारामभावोजी दिसले की मी दुसऱ्या बाजूनं जाते. नाही आली रेघ तर नाही आली. मग काय करायचं ते बघू. पण हे असं रोज बघत बसणं आता माझ्याच्यानं होत नाही."

ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत मिक्सरवर चटणी वाटत होती. मी बैठकीवर जाऊन बसलो. व्यापाऱ्याच्या डायला हात लावायची छाती नव्हती, म्हणून एक जुना वाया गेलेला ठोकळा घेतला. भिंग लावलं. छिन्नी डाव्या हातात धरली आणि हात थरथरायला लागला. तो दुखण्यानं थरथरत नव्हता, ते मला तेव्हाही कळत होतं. छिन्नी ठेवली. परत घेतली. टोक लोखंडाला टेकवलं आणि श्वास धरून रेघ ओढली.

आतला मिक्सर थांबला. पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच राहिली. ती पडद्यामागे उभी आहे हे मला समजत होतं, पण ती बाहेर आली नाही.

"कशी आली?" तिनं तिथूनच विचारलं.

"वाकडी."

पडदा जरासा हलला. मग हळूच म्हणाली, "किती वाकडी?"

मी ठोकळा खिडकीच्या उजेडात धरला, भिंग पुसलं, परत लावून बघितलं.

"तुला दिसणार नाही एवढी."

पडद्यामागून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग मिक्सर सुरू झाला.